झीरो-नॉलेज प्रूफ साध्या डेव्हलपरसाठी: सोसायटीचा गुप्त पोल बनवत शिकूया

ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात जावा, नोड, पायथनवर काम करणारे ढिगाने लोक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांशी झीरो-नॉलेज प्रूफचा विषय काढला की एकच उत्तर येतं, हे गणितात पीएचडीवाल्यांचं काम, आपल्याला नाही जमणार. मला हे अजिबात पटत नाही. यातलं अवघड गणित आता लायब्ररीत बंद झालंय, तुमच्यासाठी उरतं ते काम म्हणजे काय काय तपासायचं ते नीट लिहिणं, आणि एकही तपासणी न विसरणं. बॅकएंडवाला माणूस एपीआयच्या इनपुटचं व्हॅलिडेशन रोजच लिहितो. हे त्याच जातीचं काम आहे, फक्त इथे एक तपासणी राहिली तर अख्खी सिस्टीम उघडी पडते, म्हणून जरा जास्त काळजीने करायचं.

आधी थोडक्यात हे आहे काय. माझ्याकडे एक गुप्त माहिती आहे, ती अमुक अटी पाळते, एवढंच मी तुम्हाला पटवून देतो आणि माहिती दाखवत नाही. १९८५ साली गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ या तिघांनी ही कल्पना मांडली, बरीच वर्षं ती पेपरांतच राहिली, २०१६ मध्ये झीकॅश या क्रिप्टोकरन्सीने ती खऱ्या पैशांच्या व्यवहारात वापरली आणि त्यानंतर टूल्स भराभर आली. पटवणारा तो प्रूव्हर, तपासणारा तो व्हेरिफायर, अटींचा प्रोग्रॅम म्हणजे सर्किट, त्यातली प्रत्येक अट म्हणजे कन्स्ट्रेंट, आणि गुप्त माहितीसकट सगळ्या आकड्यांचा संच म्हणजे विटनेस. एवढे पाच शब्द पुरतात.

कुठे वापरायचं, कुठे नाही

कोड उघडायच्या आधी स्वतःला विचारा की माहिती कोणापासून लपवायचीय. जर तुमच्या सर्व्हरकडे ती माहिती आधीच आहे आणि लोकांचा त्या सर्व्हरवर विश्वास आहे तर झीरो-नॉलेजची गरज नाही, साधं लॉगिन आणि डेटाबेस पुरे. गरज तेव्हा पडते जेव्हा तपासणाऱ्याला उत्तर हवंय पण त्याच्या हातात माहिती द्यायची भीती वाटते.

याचं ठाण्यात-नवी मुंबईत सगळ्यांना कळणारं उदाहरण म्हणजे रीडेव्हलपमेंट. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग घ्या किंवा वाशीच्या सेक्टरमधली सिडकोची, बिल्डरच्या ऑफरबद्दल खरं मत सभेत उघड बोलायला लोक कचरतात, शेजाऱ्याशी वाकडं नको, कमिटीच्या डोळ्यावर यायला नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला तर कोणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसतं. तर आपण असा पोल बनवूया ज्यात मत देणारा सभासदच आहे आणि त्याने एकदाच मत दिलंय हे सिद्ध होतं, पण तो कुठल्या फ्लॅटचा हे कमिटीलाही कळत नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हा फक्त कल घ्यायचा पोल आहे, सर्वसाधारण सभेतल्या अधिकृत मतदानाचे नियम सहकार कायद्याने ठरलेले आहेत आणि त्याची जागा हा घेऊ शकत नाही.

टूल निवडणं आणि बसवणं

सर्कॉम, नॉयर, गो वाल्यांसाठी न्यार्क, रस्टमध्ये हॅलो-टू, शिवाय रिस्क झीरो आणि एसपी-वन सारखी झीकेव्हीएम (झीके म्हणजे झीरो-नॉलेज; नेहमीचा प्रोग्रॅम चालवून त्याचा प्रूफ देणारी व्हर्च्युअल मशीन), असे बरेच पर्याय आहेत. सुरुवात नॉयरने करा असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅझटेकने बनवलेली ही भाषा रस्टसारखी दिसते, टाइप आहेत, टेस्ट लिहिता येतात, आणि प्रत्येक सर्किटसाठी वेगळा ट्रस्टेड सेटअप (प्रूफ बनवायच्या-तपासायच्या चाव्या आधी तयार करणं, ज्यात वापरलेले गुप्त आकडे नंतर नष्ट केलेत यावर विश्वास ठेवावा लागतो) करावा लागत नाही. २०१६ च्या ग्रोथ-१६ पद्धतीत प्रूफ अगदी चिमुकला असतो, दाबून ठेवला तर १२८ बाइट, पण सर्किट बदललं की सेटअप परत. २०१९ च्या प्लॉन्कसारख्या पद्धतींत एकच सार्वत्रिक सेटअप सगळ्या सर्किटांना चालायला लागला आणि नॉयरसोबत वापरलं जाणारं बॅरेटेनबर्ग हे प्रूफ बनवणारं बॅकएंड त्याच घराण्यातलं आहे. शिकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे कारण शिकताना सर्किट दहा वेळा बदलतं.

लिनक्स किंवा मॅक असेल तर थेट, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, बसवा. नॉयरअप चालवलं की नार्गो हे नॉयरचं कमांड-लाइन टूल मिळतं, बीबीअप चालवलं की त्या नार्गोला जुळणारं बीबी, म्हणजे बॅरेटेनबर्गचं टूल, मिळतं, हे जुळणं महत्त्वाचंय, व्हर्जन वेगवेगळी असली की विचित्र एरर येतात आणि माणूस उगाच गणितावर संशय घेत बसतो. व्हीएस कोडचं नॉयर एक्स्टेन्शनही टाका. आपल्या या पोलला ऑफिसचा नेहमीचा लॅपटॉप आरामात पुरतो. कोड इथे ओळीनुसार देत नाहीये कारण नॉयरचं सिंटॅक्स आणि लायब्ररी अजून हलत असतात, रचना समजली की चालू डॉक्युमेंटेशन बघून तुम्ही सहज लिहाल.

पहिलं सर्किट, आणि ते का निरुपयोगी आहे

नार्गो न्यू देऊन प्रोजेक्ट बनवा. मेन फंक्शनला दोन इनपुट द्या, जन्मवर्ष आणि चालू वर्ष, दोन्ही ३२ बिटचे पूर्णांक. नॉयरमध्ये इनपुट मुळातच खाजगी असतं, चालू वर्षाला पब हा शब्द लावून सार्वजनिक करा. मग असर्ट लिहा की चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केल्यावर १८ पेक्षा जास्त येतं. नार्गो चेक दिलं की प्रूव्हर डॉट टॉमल ही फाइल तयार होते, त्यात आकडे भरा, नार्गो एक्झिक्यूटने विटनेस बनतो, मग बीबी प्रूव्ह, मग बीबी व्हेरिफाय. पास झालं. छान वाटतं.

आता थांबा आणि विचार करा की या प्रूफने नक्की काय सिद्ध झालं. जन्मवर्ष खाजगी आहे, ते कोणीही काहीही भरू शकतं, १२ वर्षांचा मुलगा १९८० टाकेल आणि प्रूफ बिनचूक पास होईल. सर्किटने सिद्ध केलं ते इतकंच की १८ पेक्षा मोठी वजाबाकी देणारा एक आकडा या माणसाला माहीत आहे. बहुतेक ट्यूटोरियल हे उदाहरण देऊन पुढे निघून जातात आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. खाजगी इनपुट कशाला तरी बांधलेलं पाहिजे, एकतर व्हेरिफायरला आधीपासून माहीत असलेल्या हॅशला किंवा मग विश्वासार्ह संस्थेच्या डिजिटल सहीला. आधारच्या सुरक्षित क्यूआरवर आधार देणाऱ्या युआयडीएआय या संस्थेची डिजिटल सही असते, अ‍ॅनॉन आधार हा ओपन सोर्स प्रोजेक्ट तीच आरएसए सही सर्किटच्या आत तपासतो, म्हणून तिथे वय १८ च्या वर आहे या दाव्याला अर्थ येतो. आपल्या पोलमध्ये सहीऐवजी हॅश वापरूया, सोपं पडतं.

पोलची रचना

समजा सोसायटीत ९६ फ्लॅट आहेत. प्रत्येक सभासदाच्या ब्राउझरमध्ये एक रँडम गुप्त आकडा तयार होतो आणि तिथेच राहतो, त्याचा हॅश तेवढा कमिटीला जातो. हा हॅश फ्लॅट ३०२ चा आहे हे कमिटीला माहीत असतं आणि असायलाच हवं, नाहीतर बाहेरचा कोणी घुसेल; आलेलं मत यातल्या कुठल्या हॅशचं हे मात्र प्रूफ उघड करत नाही. या सगळ्या हॅशचं मर्कल ट्री बनवायचं, म्हणजे शेजारच्या दोन-दोन हॅशचा मिळून वरचा एक हॅश काढत शेवटी एकाच हॅशपर्यंत, रूटपर्यंत, पोचायचं, १२८ पानांचं, म्हणजे ७ पातळ्या, उरलेली पानं शून्याने भरायची. वरचा रूट नोटीस बोर्डवर लावायचा, पानांची यादीही सगळ्यांना द्यायची म्हणजे कोणीही ट्री स्वतः बांधून रूट जुळतो का बघू शकेल.

गुप्त आकडा खरोखर रँडम हवा, ब्राउझरच्या क्रिप्टो एपीआयमधून ३१ बाइट घ्या. लोकांना लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून फ्लॅट नंबर आणि मोबाईल नंबर एकत्र करून हॅश काढायचा मोह होतो, तो टाळाच, कारण सेक्रेटरीकडे सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेतच, त्याला ९६ हॅश काढून कोणाचा गुप्त आकडा काय हे शोधायला एक सेकंदही लागणार नाही.

मतदानाच्या वेळी सर्किटला खाजगी मिळतं ते तीन गोष्टी, गुप्त आकडा, ट्रीमधला आपला क्रमांक आणि वर जाणाऱ्या वाटेवरचे ७ शेजारी हॅश. सार्वजनिक चार, रूट, पोलचा नंबर, मत आणि नलिफायर. नलिफायर म्हणजे गुप्त आकडा आणि पोलचा नंबर मिळून काढलेला हॅश, त्याच माणसाचा त्याच पोलमध्ये तो कायम तोच येतो, म्हणून दुसऱ्यांदा मत दिलं की पकडलं जातं, आणि पुढच्या पोलमध्ये तो वेगळा येतो म्हणून दोन पोलमधली मतं एकमेकांना जोडता येत नाहीत. सर्किट तपासतं की गुप्त आकड्याच्या हॅशपासून वर चढत गेलं की हाच रूट येतो, नलिफायर बरोबर काढलाय, आणि मत ० किंवा १ च आहे. मत सार्वजनिक इनपुट म्हणून सर्किटमध्येच असलं पाहिजे, ते प्रूफच्या बाहेर वेगळं पाठवलं तर मधला कोणी प्रूफ तसाच ठेवून मत बदलेल.

हॅश कुठला घ्यायचा? एसएचए-२५६ सवयीचा आहे पण सर्किटमध्ये जड पडतो, सर्कॉमसारख्या पद्धतीत एका ब्लॉकला पंचवीस-तीस हजार कन्स्ट्रेंट जातात. पोसायडन खास सर्किटसाठी बनवलाय, तेच काम काही शे कन्स्ट्रेंटमध्ये होतं. फक्त सर्किटमधला पोसायडन आणि तुमच्या जावास्क्रिप्टमधला पोसायडन एकाच पॅरामीटरचे आहेत ना हे सगळ्यात आधी बघा, पोसायडन आणि पोसायडन-टू यांची उत्तरं वेगळी येतात. दोन्हीकडे १ चा हॅश काढा, जुळला तरच पुढे जा.

इथे वेळ घालवा: राहिलेली तपासणी

आता जे सांगतोय ते समजलं तर या विषयातलं निम्मं काम झालं असं मी मानतो. मर्कलच्या वाटेवर प्रत्येक पातळीला ठरवावं लागतं की आपला हॅश डावीकडे आणि शेजारी उजवीकडे, की उलट. सर्किटमध्ये इफ महाग पडतो म्हणून लोक सूत्र वापरतात, डावा म्हणजे आपला अधिक बिट गुणिले (शेजारी वजा आपला), आणि उजवा म्हणजे शेजारी अधिक बिट गुणिले (आपला वजा शेजारी). बिट ० असला की जागा तशीच, १ असला की अदलाबदल. सुंदर सूत्र आहे, खऱ्या इनपुटवर सगळ्या टेस्ट पास होतात.

पण बिट ० किंवा १ च आहे असं कुठे तपासलंय? नसेल तपासलं तर बघा काय होतं. सोसायटीबाहेरचा एक माणूस स्वतःचा गुप्त आकडा घेतो, त्याचा हॅश क. सार्वजनिक यादीतून तो खऱ्या शेजारी-शेजारी पानांची एक जोडी उचलतो, प आणि फ. आता तो शेजारी म्हणून भरतो प अधिक फ वजा क, आणि बिट म्हणून भरतो (प वजा क) भागिले (शेजारी वजा क). कागदावर मांडून बघा, डावा बरोबर प येतो आणि उजवा बरोबर फ येतो. तिथून वर सगळं खरं ट्री आहे, रूट जुळतो, प्रूफ पास. ज्याचा सोसायटीशी संबंध नाही तो सभासद ठरला, आणि नवनवे गुप्त आकडे घेऊन हवी तितकी मतं देऊ शकतो. क्रिप्टोग्राफी कुठेही तुटली नाही, फक्त एक ओळ लिहायची राहिली, बिट गुणिले (बिट वजा एक) बरोबर शून्य.

नॉयरमध्ये बिटसाठी बूल टाइप घेतला किंवा क्रमांक फील्ड (नॉयरचा मूळ आकड्यांचा टाइप) म्हणून घेऊन त्याचे ७ बिट भाषेच्याच फंक्शनने काढले तर ही तपासणी आपोआप लागते, म्हणूनही मी नॉयरने सुरू करा म्हणतो. सर्कॉममध्ये हे तुमच्यावर असतं, तिथे एक बाण नुसती किंमत भरतो आणि दुसरा बाण किंमत भरून कन्स्ट्रेंटही लावतो, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. टोर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेने वापरलेल्या हॅशच्या सर्किटमध्ये २०१९ ला असंच निघालं, जिथे कन्स्ट्रेंट लावणारं चिन्ह हवं होतं तिथे साधं बरोबरचं चिन्ह होतं, त्यामुळे खोटे प्रूफ बनवता येत होते, शेवटी टीमने स्वतःच ते भोक वापरून पैसे सुरक्षित हलवले. इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्ये हे होऊ शकतं तर आपण टेस्ट लिहिताना कंजूषी करायची नाही.

म्हणून टेस्टची पद्धत उलटी ठेवा. बरोबर इनपुटची एक टेस्ट पुरे, बाकी सगळ्या नापास व्हायलाच हव्यात अशा लिहा, नॉयरमध्ये त्यासाठी शुड फेल हे खास अ‍ॅट्रिब्यूट आहे. मत २ दिलं, चुकीचा पोल नंबर, दुसऱ्याचा नलिफायर, यादीत नसलेला गुप्त आकडा, शेजारी हॅशमध्ये एक आकडा बदललेला, क्रमांक १२८ दिला. आणि प्रत्येक असर्ट एकदा कॉमेंट करून बघा, त्यामुळे एकतरी टेस्ट मोडली पाहिजे. नाही मोडली तर त्या असर्टची राखण करणारी टेस्टच नाहीये. नॉयरमध्ये अनकन्स्ट्रेन्ड नावाची फंक्शनंही असतात, जड हिशोब सर्किटबाहेर करून उत्तर आत आणायला, तिथून आलेलं उत्तर परक्या माणसाने दिलंय असं समजून परत तपासायचं.

आकड्यांचीही एक सवय बदलावी लागते. फील्ड हा टाइप २५४ बिटच्या एका प्राइमवर (मूळ संख्येवर) चालतो, म्हणजे मोजणी तिथे पोचली की परत शून्यापासून सुरू होते, त्यात ऋण आकडे नाहीत, ५ वजा ८ केलं तर वजा ३ येत नाही, ७७ आकडी राक्षसी संख्या येते, आणि ७ भागिले २ केलं तर साडेतीन नाही, तिसरंच काहीतरी येतं. तुलना करायची असेल तिथे ३२ किंवा ६४ बिटचे टाइप वापरा, त्यात वजाबाकी शून्याखाली गेली की प्रूफच बनत नाही.

ब्राउझर आणि सर्व्हर

प्रूफ सभासदाच्या फोनमध्येच बनला पाहिजे, गुप्त आकडा सर्व्हरला पाठवून तिथे प्रूफ बनवला तर मग केलं कशाला हे सगळं. नॉयर जेएस आणि बीबी जेएस या लायब्ररी वेब असेंब्लीवर ब्राउझरमध्ये चालतात, आपलं सर्किट लहान आहे त्यामुळे फोनवरही जमतं, पण जुन्या स्वस्त फोनवर नक्की चालवून बघा कारण सोसायटीत सगळ्यांकडे नवा फोन नसतो. मागे काम चालू आहे असं मराठीत लिहून दाखवा, नाहीतर ज्येष्ठ सभासद बटण पाच वेळा दाबतात.

सर्व्हरवर खरी गंमत आहे आणि बॅकएंडवाल्यांनी हे नीट वाचा. व्हेरिफाय फंक्शनने ट्रू दिलं म्हणजे काम झालं नाही. प्रूफसोबत आलेला रूट तुमच्या नोटीस बोर्डवरचाच आहे का ते तुम्ही स्वतः तपासायचं, नाहीतर कोणीही स्वतःचं एक पानाचं खोटं ट्री बांधून त्याचा बिनचूक प्रूफ पाठवेल. पोलचा नंबर चालू पोलचाच आहे का तेही. व्हेरिफिकेशन की, म्हणजे सर्किटवरून बनणारी प्रूफ तपासायची चावी, सर्व्हरवरची स्वतःची वापरायची, क्लायंटने पाठवलेली कधीच नाही. नलिफायर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्सने ठेवायचा, आणि ठेवायच्या आधी एकाच साच्यात आणायचा, कारण हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिलेला तोच आकडा मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत, पुढे शून्य लावून पाठवला तर स्ट्रिंग म्हणून तो वेगळा दिसतो. त्यातला चलाख प्रकार म्हणजे नलिफायरमध्ये तो २५४ बिटचा प्राइम मिळवून पाठवणं, फील्डच्या हिशोबात तो तोच आकडा, डेटाबेसच्या हिशोबात नवा, म्हणजे दुसरं मत. प्रत्येक सार्वजनिक इनपुट प्राइमपेक्षा लहान आहे हे तपासून मगच पुढे जायचं.

गणिताबाहेरची गुप्तता

सोसायटीतल्या काकू विचारतील, "अरे पण कमिटीला माझं नाव दिसणार नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर नुसत्या प्रूफने मिळत नाही. प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली तर लिंकवरून कळलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये आयपी आणि वेळ राहिली तर त्यावरून कळलं. पहिल्या दिवशी एकाच माणसाने नोंदणी केली आणि पाच मिनिटांनी एक मत आलं, झालं. म्हणून नोंदणी पूर्ण बंद झाल्यावर काही दिवसांनी मतदान सुरू करा, लिंक सगळ्यांना एकच द्या, आयपी लॉग बंद ठेवा, आलेली मतं लगेच न दाखवता शेवटी एकदम आणि क्रम मोडून दाखवा. आणि किती जण नोंदवले गेलेत ते बघा, ९६ पैकी ६ च असतील तर गुप्तता ६ जणांपुरतीच आहे.

दबावाचं मात्र या रचनेत उत्तर नाही, हे लोकांना आधी सांगितलं पाहिजे. बिल्डरचा माणूस गुप्त आकडा दाखव म्हणाला आणि सभासदाने दाखवला, तर नलिफायर काढून त्याचं मत शोधता येतं. पैसे देऊन मत विकत घेणं यानेच शक्य होतं, म्हणून मोठ्या निवडणुकीला ही रचना जशीच्या तशी लावू नये.

पुढे काय शिकायचं

हा पोल जमला की झीकेव्हीएम बघा. रिस्क झीरो आणि एसपी-वनमध्ये तुम्ही नेहमीसारखं रस्ट लिहिता, ते रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या भाषेसाठी कंपाइल होतं आणि प्रोग्रॅम खरंच असाच चालला याचा प्रूफ मिळतो. आधीपासून मोठा कोड असेल, जेसन पार्स करायचं असेल, नियम दर महिन्याला बदलत असतील तर हाच रस्ता, फक्त प्रूफ बनवायला मशीन दणकट लागतं, त्यामुळे फोनवरच्या कामाला लहान सर्किटच बरं. नावात झीके असलं तरी प्रत्येक सिस्टीम, प्रत्येक मोडमध्ये गुप्तता देतेच असं नाही, काही ठिकाणी फक्त हिशोब बरोबर झाल्याचा छोटा पुरावा मिळतो, ते डॉक्युमेंटेशनमध्ये शोधून वाचा.

सर्किट किती मोठं झालंय हे बीबी गेट्स या कमांडने बघायची सवय ठेवा, एखादा हॅश बदलून आकडा कसा हलतो ते बघितलं की काय स्वस्त आणि काय महाग याचा अंदाज लवकर येतो. आणि पोल संपला की सगळे प्रूफ, नलिफायर, मतं आणि व्हेरिफिकेशन की एका फाइलमध्ये टाकून ग्रुपवर द्या, सोबत तपासायचा छोटा स्क्रिप्टही, म्हणजे ज्याला शंका आहे तो घरी बसून सगळे प्रूफ तपासेल आणि बेरीज स्वतः करेल.